पगारपत्रकाची पहिली ओळ

एकतीस वर्षं मी कराडच्या एका माध्यमिक शाळेत कारकुनी केली. दर महिन्याचं पगाराचं बिल माझ्याच हातून तयार व्हायचं. त्याचा क्रम ठरलेला असतो: पहिल्या ओळीवर मुख्याध्यापक, मग पर्यवेक्षक, मग सेवाज्येष्ठतेनं शिक्षक, मग आम्ही लिपिक आणि सगळ्यांत खाली शिपाई. इतकी वर्षं ही बिलं केली आणि एक सवय अंगात मुरली. एखाद्या संस्थेचं कुणी कौतुक करू लागलं, की माझं मन त्या पहिल्या ओळीकडे धावतं. ज्यानं संस्था चालवली, त्यानं स्वतःच्या नावापुढे कोणता आकडा घातला होता? सभेत माणूस चार लोकांना ऐकवण्यासाठी बोलतो. आकडा मात्र त्यानं एकट्यानं बसून ठरवलेला असतो.

इतिहासाची पुस्तकंही मी याच नजरेनं वाचते. तशी वाचताना पुण्यातली एक जुनी रीत माझ्या मनात घर करून राहिली आहे. ती म्हणजे शिक्षणसंस्थेच्या आजीव सभासदत्वाची. या रीतीतली दोन गावं माझ्याच तालुक्यातली आहेत, टेंभू आणि काले. त्यामुळे ती मला घरच्या गोष्टीसारखी वाटते.

रीतीची सुरुवात १८८० च्या जानेवारीतली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलातली नोकरी सोडली होती. वय अवघं तिशीच्या आत. त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी त्यांना मिळाले; मग वामन शिवराम आपटे आले; एम.ए. होऊन गोपाळ गणेश आगरकर आले. पदवी हातात असलेल्या माणसाला सरकारी खात्याचं दार त्या काळी सताड उघडं होतं. मामलेदारी, मुन्सफी, पुढे आणखी वर. या मंडळींनी त्या दाराकडे पाठ फिरवली आणि वाड्यातल्या शाळेत खडू हातात घेतला. चिपळूणकर तर दोनच वर्षांत, १८८२ च्या मार्चमध्ये गेले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरच्या लेखनाबद्दल टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते बाहेर आले. शाळा तरीही चालली. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडलं.

सोसायटीनं शिकवणाऱ्यांनाच संस्थेचे चालक केलं. बाहेरचा धनिक मालक नाही, सरकारी साहेब नाही. जो आजीव सभासद होईल त्यानं वीस वर्षं संस्थेला द्यायची. पगार सुरुवातीला अगदीच थोडा होता, पुढे महिना पंचाहत्तर रुपयांवर स्थिरावला. मागे कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून तीन हजारांचा आयुष्याचा विमा. आणि तत्त्व असं, की सगळे सभासद सारखे. प्राचार्याच्या खुर्चीत बसला म्हणून कुणी वरचा ठरत नाही. पहिले प्राचार्य आपटे. संस्कृत-इंग्रजी कोश रचणारा हा विद्वान वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १८९२ मध्ये वारला. त्यांच्यामागून आगरकर प्राचार्य झाले.

मी पगाराची माणूस आहे, म्हणून या योजनेची ताकद मला चटकन दिसते. पगारपत्रकाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत फार अंतर पडलं, की पहिल्या ओळीवरचा माणूस खालच्यांना काही सांगू लागला तरी ते त्यांच्या कानापाशीच थांबतं. अंतर नसलं, की त्याला फारसं सांगावं लागत नाही. फर्ग्युसनमध्ये प्राचार्यानं तरुण अध्यापकाला ‘काटकसर करा’ असं म्हणण्याची गरजच नव्हती. दोघांच्या घरची चूल सारख्याच पैशांवर पेटत होती.

टेंभू हे नाव आज लोकांना उपसा सिंचन योजनेमुळे ठाऊक आहे. कृष्णेचं पाणी तिथून उचलून दुष्काळी भागाला जातं. आगरकरांचा जन्म याच गावचा, १८५६ सालचा. घरची गरिबी इतकी, की शिकायला मिळावं म्हणून त्यांनी कराडला कचेरीत कारकुनी केली, रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, अकोल्याला नातेवाइकांकडे राहून मॅट्रिक गाठली. अशा मुलाची आई काय आस लावून बसली असेल ते सांगायला नको. एम.ए. च्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहिलं. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ मी लोकांच्या हितासाठी घालवणार आहे, असा त्याचा आशय. हे पत्र आमच्याकडे शाळेतल्या भाषणांत नेहमी येतं. मी ते ऐकते तेव्हा मला पत्र लिहिणाऱ्यापेक्षा ते वाचून घेणारी बाई दिसते. गावात सगळ्यांना सांगून ठेवलं असेल तिनं, माझा गोपाळ मोठा साहेब होणार.

आगरकरांनी ते पत्र शेवटपर्यंत पाळलं. ‘केसरी’त मतं पटेनाशी झाली तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते लिहीत राहिले, शिकवत राहिले. १७ जून १८९५ रोजी दम्यानं झिजलेला हा माणूस एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. उशाशी एक पुरचुंडी सापडली आणि तीत अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे बाजूला काढून ठेवलेले होते, असं सांगतात. कॉलेजच्या प्राचार्याच्या उशाशी तेवढंच निघावं, हे ऐकून मी पहिल्यांदा हळहळले होते. आता वाटतं, तो त्यांचा शेवटचा हिशेब होता आणि त्यात कुणाचं काही देणं राहिलेलं नव्हतं.

एवढंच लिहून थांबले तर ही पूजेची गोष्ट होईल. ती तशी नाही. ही माणसं भांडली, आणि कडू भांडली.

पगार सर्वांना सारखाच हवा की कुटुंबाची गरज पाहून कमीजास्त करावा, इथून वाद सुरू झाले. सभासदानं बाहेरची कामं घ्यावीत का, घेतली तर किती, इथे ते पेटले. सामाजिक सुधारणेवरून टिळक आणि आगरकर आधीच दूर गेले होते. त्या दुराव्याची धगही यात होतीच. टिळकांचं म्हणणं असं, की आपण व्रत घेतलं आहे तर सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेची. एकदा फट ठेवली की तिचा दरवाजा होतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की वर्गातलं काम चोख करून एखाद्यानं सार्वजनिक काम केलं तर त्यात संस्थेचा तोटा काय? १८९० मध्ये सभासदांपैकी गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि ठिणगी पडली. त्याच वर्षाच्या अखेरीला टिळकांनी राजीनामा दिला. त्यासोबतचं निवेदन लांबलचक आहे. दहा वर्षांत कुठे काय बिघडत गेलं, ते त्यांनी कारणांसह मांडलं आहे. ज्या कामाला आयुष्य वाहायचं ठरवलं होतं तेच सोडताना होणारं दुःखही त्यात आहे.

शाळेच्या कार्यालयात बसून मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. तिघं लेकरं, आजारी आईबाप आणि एकच पगार असलेला शिक्षक माझ्या टेबलाशी उचल मागायला उभा राहिला, की सारखेपणाचं तत्त्व फार कठोर वाटतं. उलट एकाला सवलत दिली आणि महिन्याभरात सहाजण तसलाच अर्ज घेऊन आले, की टिळक बरोबर वाटतात. त्यामुळे १८९० मध्ये कोण चुकलं, याचा निवाडा मी करत नाही. मला यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. आपण घेतलेलं व्रत स्वतःला किती घट्ट बांधतं, हा त्या वादाचा गाभा होता. आणि हरलेल्या बाजूनं शाळेच्या किल्ल्या अडकवून ठेवल्या नाहीत, पालकांना फितवलं नाही, कोर्टाची पायरी चढून वर्ग बंद पाडले नाहीत. टिळकांनी कारणं लिहून दिली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. पाच वर्षांनी आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. संस्था फुटल्या की काय काय होतं, ते मी आमच्या भागात पाहिलं आहे. म्हणून त्या दारातून सरळ बाहेर पडण्याची किंमत मला कळते.

राहिलेल्यांत गोखले होते. त्यांचं शिक्षण थोरल्या भावाच्या जिवावर झालेलं. कागलला पंधरा रुपयांची नोकरी करणारे गोविंदराव त्यांतले आठ रुपये धाकट्याला पाठवत, असं सांगतात. ज्याच्या शिक्षणासाठी अर्ध्याहून जास्त पगार गेला, त्यानं घर वर काढावं अशी कुणाचीही अपेक्षा असती. गोखले विसाव्या वर्षी आजीव सभासद झाले. पुढे फर्ग्युसनच्या इमारतींसाठी सुट्ट्यांमध्ये गावोगाव झोळी घेऊन फिरले, गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं आणि १९०२ मध्ये कॉलेजचा निरोप घेतला.

त्यांच्या आयुष्यातलं एक वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही. १८९७. पुण्यात प्लेग, घरोघर गोऱ्या शिपायांच्या झडत्या. गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. मोठी खळबळ उडाली. मायदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला आणि पुढे येऊन साक्ष द्यायला कुणी तयार नव्हतं. गोखल्यांपुढे दोन वाटा होत्या. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगून मोकळं व्हायचं, किंवा सगळं स्वतःवर घ्यायचं. त्यांनी नावं सांगितली नाहीत. जाहीर माफी मागितली. एकतीस वर्षांच्या, नुकत्याच नावारूपाला आलेल्या माणसानं मागितलेली ती माफी कित्येकांना भ्याडपणाची वाटली आणि वर्षानुवर्षं त्यांना ती ऐकवली गेली.

माझं मत वेगळं आहे. आमच्या कामात चुकीच्या नोंदीवर पांढरी शाई लावायची नसते. चुकीवर एक रेघ मारायची, खाली बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला स्वतःची सही करायची. जुनी चूक रेघेखाली वाचता यायला हवी. गोखल्यांची माफी मला तशी सही केलेली दुरुस्ती वाटते. पुराव्यानं सिद्ध करता येणार नाही ते मी बोललो, एवढं त्यांनी कबूल केलं आणि ज्यांनी विश्वासानं कळवलं त्यांना उघडं पाडलं नाही. पंचाहत्तर रुपयांवर राहायला जो धीर लागतो तोच इथेही लागला असणार. ज्याला आपल्यासाठी काही राखायचं नसतं त्यालाच नाव पणाला लावता येतं.

ही रीत पुढे पसरली ती माणसांमधून. टिळकांनी कॉलेज सोडलं तेव्हा गणिताची जागा रिकामी झाली आणि १८९१ मध्ये मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले. त्यांचे मामेभाऊ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच कॉलेजातून केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांना कुठलीही मोठी जागा मिळाली असती. ते १९०२ मध्ये परत आले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, त्याच आजीव सभासदाच्या पगारावर. कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, आपल्या मुरुड गावाचा बहिष्कार सोसला, १८९६ मध्ये विधवांच्या आश्रमासाठी संस्था काढली, आणि आश्रम हिंगण्याला गेल्यावर तिथून कॉलेजपर्यंत रोज पायी ये-जा केली. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापला. आयुष्य वाहून घेणाऱ्या सेवकांची तीच कल्पना, आता स्त्रियांसह.

१२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवर गोखल्यांनी भारत सेवक समाजाची शपथ घेतली आणि सोबत्यांना दिली. शपथेची कलमं सात. देश सगळ्यांच्या आधी; स्वतःसाठी जादा पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही; खासगी आयुष्य शुद्ध ठेवायचं. आणि एक कलम असं, की कुणाशीही वैयक्तिक भांडण करायचं नाही. हे कलम वाचलं की मला १८९० आठवतं. चोविशीतल्या गोखल्यांनी जे जवळून सोसलं होतं, ते एकोणचाळिशीत त्यांनी नियम करून ठेवलं, असं मी मानते. संस्थेचे चांगले नियम बहुतेक असेच जन्मतात. कुणाच्या तरी पाठीवरचा वळ पुढच्यांच्या कामी येतो.

या हिशेबात एक खर्च आपण नोंदवायला विसरतो. पंचाहत्तर रुपयांचं व्रत पुरुषांनी घेतलं, पण ते निभावलं घरातल्या बायकांनी. त्यांना कुणी विचारून सही घेतली नव्हती. यशोदाबाई आगरकर ऐन तारुण्यात विधवा झाल्या. आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ मी दोनदा वाचलं आहे. नवरा देशाचा होतो तेव्हा संसाराचं गाडं कोण ओढतं, ते त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले तर आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या आणि थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. आजीव सभासदांच्या पहिल्या यादीत यांपैकी कुणाचं नाव नाही. ती यादी ब्राह्मण पुरुषांचीच होती, आणि वर्गातली मुलंही बहुतेक त्यांच्याच घरांतली. त्याग खरा होता. पण त्याचं पाणी फार जवळच्याच वाफ्यात जिरत होतं.

ते दूरच्या वाफ्यांत गेलं ते आमच्या काल्यातून. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली. पुढे ती साताऱ्याला नेली आणि तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवणारं वसतिगृह चालवलं. भाऊरावांजवळ पुण्यातल्या मंडळींसारख्या पदव्या नव्हत्या. चालवायला पैसाही नव्हता. एकदा वसतिगृहातलं धान्य संपलं, भाऊराव बाहेरगावी होते, आणि लक्ष्मीबाईंनी अंगावरचं उरलंसुरलं सोनं, शेवटी मंगळसूत्रही मोडून मुलांना जेवू घातलं. ही गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते आणि ती सांगताना अजूनही आवाज दाटतो. लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. रयतमध्येही पुढे आजीव सेवकांची परंपरा उभी राहिली. पण त्या सगळ्या वह्यांच्या आधीची पहिली ओळ लक्ष्मीबाईंची आहे. तिथे जमा काहीच नाही, सगळं नावे.

आता माझं स्वतःचं. कराडला येण्याआधी आठ महिने मी दुसऱ्या तालुक्यातल्या एका संस्थेत होते. तिथे पगाराच्या दिवशी शिक्षकांकडून ठरावीक रक्कम परत घ्यायचे आणि मी त्यांना ‘ऐच्छिक देणगी’ची पावती फाडून द्यायचे. पावतीवर अक्षर माझं असायचं. व्यासपीठावर त्याच चालकांच्या तोंडी कर्मवीरांचं नाव असायचं. मी काही बोलले नाही, नोकरी सोडून आले, पण त्या पावत्यांवरचं माझं अक्षर मला आजही डोळ्यांपुढे दिसतं.

मग कराडला जे मुख्याध्यापक लाभले, त्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही. आमच्या काही तुकड्या विनाअनुदानित होत्या. तिथल्या शिक्षकांचा आणि दोन शिपायांचा पगार फीतून भागवायचा. एका वर्षी पाऊस झाला नाही, फी जमेना. त्याच सुमारास सरकारकडून येणारे आमचे पगारही दोन महिने थांबले होते. शाळेच्या खात्यात जे थोडे पैसे होते त्यांतून सगळ्यांना उचल द्यायचं ठरलं. मी सवयीनं यादी केली, पहिल्या ओळीवर सरांचं नाव लिहिलं आणि सहीला नेली. सरांनी लाल पेन घेतलं, स्वतःच्या नावावर एक रेघ मारली, शिपाईमामांच्या नावापुढे १ लिहिला आणि कागद परत दिला. म्हणाले, “बाई, खालून वर लिहून आणा. जिथे पैसे संपतील तिथे रेघ मारा.” पैसे पर्यवेक्षकांच्या ओळीपर्यंत पुरले. सरांची ओळ रिकामी राहिली. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. पण शाळेत अशा गोष्टी भिंतींनाही कळतात. त्या वर्षी एकाही शिक्षकानं तास चुकवल्याची नोंद माझ्या मस्टरवर नाही.

सर आता नाहीत. त्यांनी आगरकर-गोखल्यांवर कधी भाषण दिल्याचं मला आठवत नाही. पण पुण्याच्या वाड्यात सुरू झालेली ती रीत त्या लाल रेघेपर्यंत पोचली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चारित्र्य असंच पोचतं. कुणीतरी स्वतःच्या नावापुढचा आकडा कमी करतो, शेजारी बसलेला ते बघतो, आणि वेळ आली की त्याचाही हात तसाच चालतो.

निवृत्तीनंतर मी दोन लहान संस्थांचे हिशेब विनामूल्य बघते. तिथे कामाला आलेल्या मुलींना मी कीर्द आणि खतावणी शिकवते, व्हाउचर कसं लावायचं ते दाखवते. ती उचलीची यादी मी जपून ठेवली आहे. शाई फिकी झाली आहे. लाल रेघ मात्र ठळक आहे. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी मी तिच्यापुढे तो कागद ठेवते आणि विचारते, “यातली पहिली ओळ कुठली, सांग बरं?” बहुतेक जणी वरच्या ओळीवर बोट ठेवतात. मग मी त्यांना तो कागद खालून वर वाचायला लावते.